छोटी लाईन फूलबागेपर्यंत: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या ट्रामवर एक टिपण दिलं होतं. शहरातली वारसा ट्राम थोडी पुढे नेऊन समुद्रकाठच्या उद्यानांना जोडायची, अशी तिथली योजना. त्यावर ग्वाल्हेरकरांची भरपूर पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर: आपली बंद पडलेली छोटी लाईन (दोन फुटी रेल्वे) फूलबाग उद्यानाच्या कामी का येऊ नये? निवडक प्रश्न पुढे घेतले आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोची योजना शेवटी पुरी झाली का? आणि तिच्यातून ग्वाल्हेरने काय घ्यावं?
एक वाचक, दौलतगंज

पुरी झाली नाही. तिथली एफ लाईन १९९५ साली मार्केट स्ट्रीटवर सुरू झाली आणि २००० साली फिशरमन्स वॉर्फपर्यंत गेली. गाड्या खरोखरच्या जुन्या आहेत. बहुतेक १९४०च्या दशकातल्या पीसीसी नावाच्या अमेरिकन बनावटीच्या, काही मिलान शहरातून आणलेल्या १९२८ सालच्या. वॉर्फच्या पुढे अ‍ॅक्वाटिक पार्क आणि फोर्ट मेसन ही समुद्रकाठची उद्यानं आहेत. अंतर दीड किलोमीटरच्या आत, आणि वाटेतल्या टेकडीखाली बोगदासुद्धा तयार: १९१४ साली बंदराच्या मालगाडीसाठी खणलेला, सुमारे १,५०० फूट लांब. पर्यावरणाचा अहवाल झाला, २०१३ साली निर्णयही लागला. बांधकामाचा पैसा जुळला नाही, म्हणून रूळ पडले नाहीत.

तिथल्या आराखड्यात जागेसाठी खरी झटापट झाली ती शेवटच्या टोकाला. गाडी एकाच बाजूने चालवता येत असेल तर तिला परत फिरायला वेटोळं लागतं. ते फोर्ट मेसनच्या वाहनतळात घालायचं की शेजारच्या मोठ्या हिरवळीवर, अशा दोन्ही जागा तपासल्या गेल्या. हिशेब सोपा आहे. १५ मीटर त्रिज्येचं वेटोळं आणि गाडीच्या अंगासाठी दोन मीटर सोडले, तर ९०० चौरस मीटरहून जास्त जागा अडते. २५ मीटर त्रिज्या घेतली तर जवळजवळ २,३०० चौरस मीटर. दोन्ही टोकांना चालकाची जागा असलेल्या गाडीला ३० मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद पट्टी पुरते, म्हणजे १०५ चौरस मीटर. बागेसाठी लाईन न्यायची आणि तिनेच बाग खायची, असं व्हायला नको. ग्वाल्हेरला डबा घ्यायचा तर दोन्हीकडून चालणाराच घ्यावा.

पुरं झालेलं उदाहरण हवं असेल तर न्यू ऑर्लिन्सचं बघा. तिथली कॅनॉल स्ट्रीटची ट्राम १९६४ साली बंद झाली (मुंबईची ट्रामही त्याच वर्षी गेली). २००४ साली ती पुन्हा घातली, आणि तेव्हाच एक फाटा थेट सिटी पार्कच्या दारापर्यंत काढला. चाळीस वर्षांनी हे जमलं याचं एक मोठं कारण म्हणजे कॅनॉल स्ट्रीटच्या मधली रुंद मोकळी पट्टी शहराने राखली होती.

आपल्याकडचा मुद्दा नेमका तोच. ग्वाल्हेरची छोटी लाईन संस्थानाचे महाराज माधवराव शिंदे यांच्या काळची. १८९९ साली पहिले मार्ग लोकांसाठी खुले झाले, १९०९ साली ती श्योपूरला पोचली. साधारण २०० किलोमीटर, गेज (दोन रुळांमधलं अंतर) ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. २०२० साली गाडी थांबली. ब्रॉडगेजचं काम बिरलानगरच्या बाजूने घेतल्यामुळे ग्वाल्हेर स्थानक, घोसीपुरा, मोतीझील हा शहरातला जुना पट्टा नव्या गाडीला लागत नाही. इंजिन दुरुस्त होतं, डबा नव्याने बांधता येतो. शहराच्या मधून जाणारी सलग पट्टी एकदा टपऱ्यांनी आणि पार्किंगने भरली की तिचे तुकडे पुन्हा जोडणं कुणाच्याही खिशाला परवडत नाही. म्हणून पहिला खर्च हद्दीचे दगड, कुंपण आणि मोजणीवर व्हावा. रंगवलेल्या डब्याचं बघता येईल सावकाश.

छोट्या लाईनचे रूळ तसेच ठेवून त्यावर ट्राम चालेल का?
एक वाचक, पडाव

चालेल, पण सगळीकडे सारखी नाही. जिथे लाईन स्वतःच्या भरावावर आहे, तिथे खडी, स्लीपर आणि साधा रूळ हीच रचना ठेवावी. स्वस्त पडते, पाणी निचरतं, दुरुस्ती फावड्याने होते. जिथे लाईन रस्त्यातून किंवा रस्ता ओलांडून जाते, तिथे रूळ डांबराच्या पातळीत हवा आणि चाकाची कड जायला रुळात खाच हवी. यासाठी खाचेचा रूळ वेगळाच मिळतो, उंची १८० मिलिमीटर, वजन मीटरला साधारण ५९ ते ६० किलो, खाच ३६ ते ४२ मिलिमीटर. खाली २५ ते ३० सेंटिमीटर काँक्रीट आणि त्याखाली दाबलेली खडी, म्हणजे रस्ता ५५ ते ६० सेंटिमीटर खणावा लागतो. शहरात एवढ्या खोलीवर पाण्याची नळी, गटार, केबल हमखास असते. ट्रामच्या अंदाजपत्रकाला भोक पडतं ते बहुधा इथेच, म्हणून दर ५० मीटरला एक चाचणी खड्डा खणून बघितल्याशिवाय निविदा काढू नये.

अरुंद गेजचा एक स्वभाव आहे, तो समजून घ्या. एका बाजूचा रूळ फक्त १० मिलिमीटर खचला असं धरा. ब्रॉडगेजवर तीन मीटर उंचीचं छप्पर साधारण १७ मिलिमीटर बाजूला झुकेल. ६१० मिलिमीटरवर तेच छप्पर ४५ मिलिमीटर झुकतं, कारण दोन रुळांच्या मध्यांतलं अंतर ६६ सेंटिमीटर इतकंच. म्हणजे जी चूक मोठी लाईन पोटात घालते, ती छोटी लाईन प्रवाशाच्या डोक्यात घालते. वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास ठेवावा. दोन्ही रुळांची लेव्हल दर पंधरवड्याला तपासावी, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी.

दुसरी गोष्ट ऊन. इथे मे महिन्यात रूळ हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापतो. पोलादाचा रूळ मीटरला, अंशाला ०.०११५ मिलिमीटर वाढतो. १३ मीटरचा रूळ जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ६० अंशांनी तापला, तर ९ मिलिमीटर वाढेल. म्हणून सांध्यात फट सोडतात. थंडीत काम करणाऱ्या गँगने फट कमी ठेवली की उन्हाळ्यात रूळ साप होतो. उलट, मेमध्ये मोठी फट ठेवली तर थंडीत ती आणखी उघडते आणि दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे (फिशप्लेटचे) बोल्ट वाकतात. रूळ बसवताना त्याचं तापमान मोजून फट ठरवायची. अंदाजावर नाही. चुंबकाने चिकटणारा रुळाचा थर्मामीटर मिळतो, तो सावलीच्या बाजूला रुळाच्या पोटाला लावावा.

किती गाड्या लागतील? दर दहा मिनिटांनी गाडी मिळाली नाही तर लोक ऑटोच करतील.
एक वाचक, जीवाजीगंज

बरोबर आहे तुमचं, पण एका रुळावर दहा मिनिटं महाग पडतात. उदाहरण म्हणून ३.२ किलोमीटर लाईन धरा. थांबे धरून सरासरी वेग ताशी १२ किलोमीटर. म्हणजे जायला १६ मिनिटं. टोकाला चालक या बाजूने त्या बाजूला जाणार, ब्रेक तपासणार, उशीर भरून काढणार, त्याला ४ मिनिटं. पूर्ण फेरी ४० मिनिटांची. एक गाडी असेल तर दर ४० मिनिटांनी, दोन असतील तर दर २० मिनिटांनी.

दोन गाड्या एकाच वेळी दोन टोकांहून सुटल्या की आठव्या मिनिटाला समोरासमोर येतात. तिथे लूप हवा, म्हणजे एकीने बाजूला थांबून दुसरीला जाऊ द्यायला दुसरा रूळ. नकाशा पुढे ठेवून लाईनच्या बरोबर मधे लूप काढणं, ही नेहमीची चूक. मध्य वेळेचा काढायचा असतो. पहिल्या अर्ध्यात तीन फाटकं आणि दुसऱ्यात एकही नसेल, तर लूप पहिल्या टोकाकडे सरकतो. आणि तो थांब्यावरच ठेवावा, म्हणजे समोरच्या गाडीची वाट बघण्याचा वेळ लोकांच्या चढउतारात जिरतो. लूपची लांबी गाडीच्या अडीच पट तरी हवी, नाहीतर एकीचं शेपूट दुसरीच्या वाटेत राहतं.

दहा मिनिटांची गाडी हवी तर चार गाड्या आणि तीन लूप लागतील. एक गाडी दोन मिनिटं उशिरा आली की तो उशीर तिन्ही लूपमधून फिरत संध्याकाळपर्यंत वाढत जातो. आमच्या मते इथे २० मिनिटं ठेवावीत, पण घड्याळाच्या काट्यावर: दर तासाला शून्य, वीस, चाळीस. लोकांना वेळ पाठ झाली की थांब्यावर उभं राहावं लागत नाही. फक्त रविवारी गाडी चालवण्याचा मोह टाळावा. आठवड्यातून सहा दिवस मोकळ्या असलेल्या रुळावर सोमवारी भाजीची गाडी उभी राहते आणि शनिवारी तिचं छप्पर पक्कं झालेलं असतं.

सासूबाईंना दोन पायऱ्यासुद्धा चढवत नाहीत. जुन्या डब्यांत त्या कशा बसणार?
एक वाचिका, थाटीपूर

जुना डबा कापून त्याची जमीन खाली आणायची गरज नाही. सॅन फ्रान्सिस्कोत थांब्याच्या एका टोकाला, एका दारापुरता, उंच ओटा बांधतात. त्याला उतार असतो, आणि ओटा व डबा यांच्यातल्या फटीवर चालक एक फळी टाकतो. हेच इथे करावं. उतार १ ला १२ हवा. डब्याची जमीन रुळापासून ६० सेंटिमीटर असेल तर उतार ७.२ मीटर. वर आणि खाली चाकाची खुर्ची वळायला दीड-दीड मीटर सपाट जागा. एकूण १०.२ मीटर. रुंदी १.२ मीटरपेक्षा कमी नको, दोन्ही बाजूंना कठडा.

बिघडतं ते बारक्या गोष्टींत. उताराच्या पायथ्याशी फरशी बसते, दोन इंचांची पायरी तयार होते आणि सगळा उतार फुकट जातो. ओट्यावर गुळगुळीत ग्रॅनाईट लावतात, पावसात तो निसरडा होतो. खरबरीत काँक्रीट किंवा कोटा दगडाची न घासलेली बाजू बरी. आणि थांब्यापासून बागेच्या दारापर्यंतची वाट तपासा. ४०० मीटर म्हणजे धडधाकट माणसाची पाच मिनिटं, तुमच्या सासूबाईंची बारा-पंधरा. त्या वाटेत दर ५० मीटरला बसायला बाक आणि सावली नसेल तर गाडीचा उपयोग त्यांना शून्य. बागेच्या दारात दुचाकी शिरू नये म्हणून फिरतं फाटक लावायची आपल्याकडे हौस आहे. त्यातून चाकाची खुर्चीही जात नाही.

फूलबागेजवळ प्राणी उद्यान आहे, जुनी झाडं आहेत. खडखडाट आणि तोडातोड होणार नाही का?
एक वाचक, शिंदे की छावनी

आवाजाचं आधी. ट्राम सरळ रुळावर फारशी ओरडत नाही, वळणावर किंचाळते. दोन चाकं एकाच कण्यावर घट्ट असतात, दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात, पण बाहेरच्या चाकाची वाट लांब असते. काटकोनाच्या वळणात ६१० मिलिमीटर गेजवर हा फरक साधारण एक मीटर, १,४३५ मिलिमीटरच्या ट्रामला २.३ मीटरहून जास्त. वळणाची त्रिज्या काहीही असो, फरक तेवढाच. मोठ्या वळणात तो लांब अंतरावर वाटला जातो, म्हणून आवाज कमी. थोडक्यात, छोटी लाईन इथे फायद्यात आहे. तरी प्राण्यांच्या पिंजऱ्यांच्या बाजूला ३० मीटरपेक्षा तीव्र वळण ठेवू नये. ग्रीस लावायचं ते रुळाच्या आतल्या कुशीला, जिथे चाकाची कड घासते. माथ्यावर तेलाचा एक थेंबही नको. ब्रेक धरत नाहीत.

आता झाडं. खोडाचा व्यास छातीच्या उंचीवर मोजा आणि त्याला १२ ने गुणा. अर्ध्या मीटरच्या कडुनिंबाभोवती सहा मीटरपर्यंत जेसीबी नेऊ नये. त्या घेरात लाईन न्यायचीच असेल तर खणू नका, जमिनीच्या वर खडीचा थर देऊन न्या. मुळं तोडली की झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी आंधीत आडवं होतं, आणि मग दोष आंधीला जातो. फांद्या छाटायच्या तर कॉलरपाशी (फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्यापाशी), खोडाला लागून सपाट नाही. आणि कडुनिंबाखालच्या रुळाचं एक खास दुखणं: मार्च-एप्रिलमध्ये पानगळ होते, पानं चाकाखाली चिरडून रुळावर काळा चिकट लेप बसतो, चाकं घसरतात. त्या दिवसांत पहाटे रूळ घासायला दोन माणसं आणि गाडीत कोरडी चाळलेली वाळू हवी. ओली वाळू नळीत गोळा होते आणि नेमकी लागते तेव्हा पडत नाही.

वरून तार नेणार की बॅटरी? किल्ल्याचं दृश्य तारांनी झाकू नये असं वाटतं.
एक वाचक, मुरार

इथे बॅटरी, असं आमचं स्पष्ट मत. तारेची ट्राम साधारण ६०० व्होल्ट डीसीवर चालते आणि वीज रुळातून परतते. रूळ जमिनीपासून नीट वेगळे केलेले नसतील तर ती वीज शेजारच्या लोखंडी पाइपातून वाट काढते आणि पाइप जिथे वीज सोडतो तिथे कुजतो. जुन्या शहरात कुठला पाइप कुठून जातो हे नकाशात सापडेलच असं नाही. शिवाय खांब, तारा, फांद्या हे सगळं आलंच.

बॅटरीचा ढोबळ हिशेब देतो. आठ-दहा टनांच्या डब्याला पंखे धरून किलोमीटरला एक युनिट माना. वर दिलेल्या लाईनची एक फेरी ६.४ किलोमीटर, म्हणजे ६.४ युनिट. एका टोकाला ४ मिनिटांत ६० किलोवॅटने चार्ज केलं तर ४ युनिट परत मिळतात. फेरीला तूट २.४. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळात १८ फेऱ्या, तूट ४३ युनिट. बॅटरी ७० टक्क्यांच्या पलीकडे वापरायची नाही, म्हणून ६२ युनिट हवी. उन्हाळा आणि जुनी होत जाणारी बॅटरी धरून ८० घ्यावी. वातानुकूलन लावलं तर हा सगळा हिशेब मोडतो. उघड्या खिडक्या आणि दुहेरी छप्पर पुरे. बॅटरी छपरावर ठेवू नये, एक तर ती तापते आणि वर सांगितल्याप्रमाणे अरुंद गेजवर डोकं जड झालेलं परवडत नाही. ती डब्याच्या जमिनीखाली, हवा खेळेल अशी.

चालकाचा हात सुटला की गाडी आपोआप थांबेल अशी मूठ मात्र हवीच. जयविलास राजवाड्याच्या जेवणघरातली चांदीची गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल: टेबलावरून फिरणाऱ्या त्या गाडीतला चंबू उचलला की गाडी थांबते.

परवानग्या कुणाकुणाच्या?
एक वाचक, हजीरा

जमीन रेल्वेची असेल तर आधी रेल्वेशी करार. ती रेल्वे म्हणून चालवायची असेल तर प्रवासी बसवण्यापूर्वी रेल्वे कायदा १९८९ खाली सुरक्षा आयुक्तांची तपासणी. किल्ला केंद्राने संरक्षित केलेला आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आहे आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. थांब्याचं छप्परही बांधकामच समजलं जातं. झाडांसाठी मध्य प्रदेशचा शहरी वृक्षसंरक्षण कायदा २००१. रस्ता ओलांडायचा तिथे महापालिका आणि वाहतूक पोलीस. क्रम असाच ठेवा. छपराचं चित्र आधी आणि मोजणी नंतर केली तर चित्र बदलावं लागतं.

मुलगा सायकलने शाळेत जातो. रुळाच्या खाचेत चाक अडकेल का?
एक वाचिका, नया बाजार

अडकू शकतं. साध्या सायकलच्या टायरची रुंदी ३२ ते ४० मिलिमीटर, खाच ३६ ते ४२. रुळाला समांतर जाताना चाक आत बसतं आणि सायकल जागीच आडवी होते. काटकोनात ओलांडलं तर काही होत नाही, ६० अंशांपर्यंत चालतं. म्हणून जिथे रूळ रस्ता तिरपा कापतो तिथे सायकलची वाट थोडी वळवून सरळ आणावी लागते. स्कूटरचं चाक खाचेत जात नाही, पण पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिसळलेल्या पोलादावर घसरतं. मुलाला एवढं शिकवा: रूळ ओलांडताना ब्रेक लावायचा नाही, हँडल वळवायचं नाही.

घोसीपुऱ्याकडे जुन्या रुळावर इंग्रजी अक्षरं आणि रेघा दिसल्या. त्यांचा अर्थ काय?
एक विद्यार्थी, ग्वाल्हेर

रूळ लाटतानाच ती उठतात. वरचा माथा आणि खालचा पाया यांच्यामधल्या उभ्या भागाला रुळाचं पोट म्हणा. अक्षरं तिथे असतात. त्यात कारखान्याचं नाव किंवा खूण, साल, बऱ्याचदा महिन्यासाठी तितक्या उभ्या रेघा, आणि वजन. जुन्या रुळांवर वजन यार्डाला पौंडात असतं. त्याला ०.४९६ ने गुणलं की मीटरला किलो मिळतात. ५० म्हणजे २४.८ किलो. गंज जास्त असेल तर तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवा, मग खडू आडवा धरून घासा. उठावावर पांढरं येतं, खोलगट भाग काळा राहतो. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात काढा.

सांध्याजवळ रुळाच्या माथ्याची उंचीही मोजा आणि मधल्या भागाशी ताडून बघा. टोकं चेपलेली असतील तर तो रूळ ट्रामला टोकं कापूनच वापरता येईल. आणि पडलेला तुकडा आठवण म्हणून घरी आणू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याचा १९६६ चा कायदा लांबी विचारत नाही.